सेकंड हॅन्ड टर्बो पेट्रोल घ्यायचीय? गाडीच्या आधी तिची बिलं बघा



धंद्यासाठी पहिली गाडी कशी निवडायची, हा विषय काढला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, जुनी टर्बो पेट्रोल घेऊ का? टिकते का ती?" विचारणारे कोण? बियाण्यांची एजन्सी घेऊ पाहणारे, मोसंबीच्या बागा फिरून सौदे करणारे, एमआयडीसीतल्या रोलिंग मिलना सुटे भाग पुरवणारे, रेशीम कोषांच्या मार्केटला ये-जा करणारे. रोज शंभर-दीडशे किलोमीटर फिरायचं, कधी एकटं, कधी चार माणसं आणि डिकीत सॅम्पलची पोती. बजेट चार ते सात लाख. या बजेटमध्ये आज जुनी नेक्सॉन, व्हेन्यू, मॅग्नाइट, कायगर, पोलो, इकोस्पोर्ट असं बरंच काही दिसतं, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या बोनेटखाली एक लिटर किंवा बाराशे सीसीचं छोटं टर्बो पेट्रोल इंजिन असतं.

यावर गावात दोन मतं आहेत. एक म्हणतो, "टर्बोच्या नादी लागू नको, फाटतो तो. लाखभराचा फटका बसेल." दुसरा म्हणतो, "कंपनीनं बनवलंय, काय होतंय? पिकअप बघ ना!" मला दोन्ही मतं पटत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो. छोटं टर्बो पेट्रोल इंजिन मुळात नाजूक नसतं, पण हयगय मात्र ते साध्या इंजिनाइतकी सहन करत नाही. म्हणून जुनं टर्बो घेताना तुम्ही इंजिन विकत घेत नाही, आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेता. त्या सवयींचा कागदी पुरावा असेल तर बिनधास्त बोलणी करा. नसेल तर गाडी कितीही चकचकीत असो, पहिल्या धंद्यासाठी ती तुमची गाडी नाही.

एवढं ताणून का सांगतोय? हिशोब बघा. समजा साडेपाच लाखांची गाडी आहे, दीड लाख तुमचे आणि चार लाख कर्ज. तेरा टक्के व्याजानं चार वर्षांचा हप्ता साधारण १०,७०० रुपये येतो. आता तिसऱ्या महिन्यात टर्बो गेला. गाडी गॅरेजला, पार्ट यायला दहा-पंधरा दिवस, आणि ते नेमके खरिपाच्या तोंडचे, जूनचे. हप्ता तर थांबत नाही. भाड्यानं दुसरी गाडी लावावी लागते, आणि ज्या दुकानदारानं तुमच्यावर विश्वास ठेवून पहिली ऑर्डर दिली तो दुसऱ्याकडे वळतो. नोकरदार माणसाची गाडी बंद पडली तर तो एसटीनं ऑफिसला जातो. तुमची बंद पडली तर दुकानच बंद पडतं. म्हणून धंद्याची गाडी बघताना "आवडली का" हा प्रश्न शेवटी ठेवायचा.

आता ही इंजिनं एवढी आली कुठून? आपल्याकडे वर्षानुवर्षं लोक जुनी स्विफ्ट किंवा डिझायर डिझेल घ्यायचे. तिचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन ७५ पीएसचंच, पण टॉर्क १९० न्यूटन-मीटर. म्हणजे ओढायला दणकट. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि मारुतीनं डिझेल बंदच केलं. बाकीच्यांनीही छोट्या गाड्यांतून हळूहळू डिझेल काढलं. एसी लावून, चार माणसं बसवून चढ चढायची सवय लागलेल्या गिऱ्हाइकाला साधं पेट्रोल सपक वाटायला लागलं. दुसरीकडे सरकारचा कर. २००६ च्या बजेटपासून आपल्याकडे 'छोटी गाडी' म्हणजे चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, अशी रेघ आखलेली आहे. रेघेच्या आत कर कमी, बाहेर जास्त. सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या जीएसटीतही तेच आहे, आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के. मग कंपनीनं काय करावं? इंजिन छोटं ठेवायचं आणि त्यात हवा कोंबायची.

हवा कोंबायची म्हणजे किती फरक पडतो, ते निसान मॅग्नाइटमध्ये दिसतं. तिची दोन्ही इंजिनं ९९९ सीसीची, तीन सिलिंडरची. साधं इंजिन ७२ पीएस आणि ९६ न्यूटन-मीटर, टर्बो १०० पीएस आणि १६० न्यूटन-मीटर. सीसी तेवढीच, पण टॉर्क दीडपटीच्या वर. हे फुकट मिळत नाही. तेवढ्याच आकाराच्या पिस्टनवर, बेअरिंगवर, हेड गॅस्केटवर जास्त दाब आणि जास्त उष्णता येते. दोन बैलांचं काम एका बैलाकडून करून घ्यायचं तर त्याची वैरण, पाणी आणि विश्रांती नीट पाहावी लागते, इतका साधा व्यवहार आहे हा.

कोणी म्हणेल, "बोलेरोला, स्विफ्ट डिझेललाही टर्बोच होता की. लाख लाख किलोमीटर चालल्या, कुठे काय झालं?" बरोबर आहे. म्हणूनच टर्बो या शब्दाला घाबरायचं कारण नाही. पण पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा बराच जास्त तापलेला असतो, जोर लावून चालवताना ९०० अंशांच्या आसपास जातो. त्या धुरावर टर्बोचं चाक फिरतं, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. ज्या दांड्यावर ते फिरतं तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिनाच्या इतर भागांना काळं, जुनं ऑइल काही दिवस चालून जातं. या दांड्याला चालत नाही.

आणि इथे आपल्या भागाचा प्रश्न येतो. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला. निधोन्याजवळून चढलात की ताशी १२० ची मुभा. मे महिन्यात बाहेर ४२ अंश, गाडीत पाच जण, एसी फुल, तासभर सलग पळवली आणि फूड मॉलला आत घेऊन थेट किल्ली बंद. त्या क्षणी टर्बो तापून लाल आणि ऑइलचा पंप थांबलेला. आत अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा व्हायला लागतो. तो कोळसा ऑइलच्या बारीक नळीत साचतो, पुढे ऑइल कमी पोहोचतं आणि एक दिवस दांडा घासतो. नव्या बऱ्याच गाड्यांत टर्बोला पाण्यानं थंड ठेवायची सोय आहे, काहींत इंजिन बंद झाल्यावरही विजेवरचा पंप थोडा वेळ चालतो. तरी महामार्गावरून उतरल्यावर शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश आणावेत, मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करावं. एवढ्यानं काम भागतं. प्रश्न असा आहे की आधीच्या मालकानं, किंवा त्याच्या ड्रायव्हरनं, हे केलं होतं का? ते कोणी सांगणार नाही. म्हणून पुरावा दुसऱ्या वाटेनं शोधायचा.

त्याआधी नावाच्या मोहाबद्दल थोडं. "अमुक कंपनीचं इंजिन बेस्ट आहे, डोळे झाकून घे" असं सांगणारे खूप भेटतात. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट घ्या. आपल्याकडे ते २०१३ मध्ये इकोस्पोर्टमध्ये आलं, १२५ पीएसचं. या इंजिनानं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा मोठा पुरस्कार २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं पटकावला. चालवायला खरंच गोड. पण त्याच्या रचनेत रबरी बेल्ट इंजिनाच्या ऑइलमध्ये बुडून फिरतो. ऑइल चुकीचं घातलं किंवा बदलायला उशीर केला की बेल्टचे कण सुटतात आणि ऑइलच्या वाटा बुजतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत फोर्डला याच एक लिटर इंजिनाच्या गाड्या ऑइल पंपाच्या बेल्टचा ताण धरणाऱ्या भागातल्या दोषासाठी परत बोलवाव्या लागल्या. आणि गंमत अशी, की अमेरिकेत विकलेल्या इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईत बनलेल्या होत्या. म्हणजे परीक्षकांनी दिलेलं बक्षीस आणि दहा वर्षांनंतरची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं. सर्व्हिस अजून मिळते, पण जालन्यात बसून धंदा करणाऱ्यानं पार्ट किती दिवसांत हातात पडतो ते आधी विचारावं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिल्या धंद्याच्या गाडीसाठी मी इकोबूस्ट सुचवणार नाही. शौकिनानं घ्यावी.

दुसरं उदाहरण थोडं वेगळं आहे. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, १.२ लिटर टर्बो आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. लोक विचारतात इंजिनाबद्दल, आणि घाबरायचं असतं गिअरबॉक्सला! त्याच वर्षी फोक्सवॅगननं अनेक देशांत या सात गिअरच्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरायची मोहीम काढली होती, कारण उष्ण हवेत आणि थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये त्याच्या विजेच्या भागात बिघाड होत होते. पुढे २०२० मध्ये पोलोला एक लिटरचं टीएसआय इंजिन आलं आणि ऑटोमॅटिकमध्ये साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. तेव्हा दोन्ही पोलो टीएसआयच, पण ऑटोमॅटिक घेणाऱ्यासाठी खर्चाची भीती एकसारखी नाही. गाडी बघताना 'इंजिन ओके' हा अर्धाच निकाल असतो.

सगळे टर्बो एका माळेचे मणीही नाहीत. ह्युंदाई व्हेन्यूचं एक लिटर, फोक्सवॅगन-स्कोडाचं टीएसआय, मारुतीचं बूस्टरजेट, या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. टाटा नेक्सॉन, मॅग्नाइट, कायगर यांच्यात ते जुन्या पद्धतीनं बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं. थेट फवाऱ्याची इंजिनं ताकद आणि अॅव्हरेज दोन्ही नीट देतात. पण हवेच्या व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नसल्यानं ते धुतले जात नाहीत आणि वर्षांगणिक त्यांच्यावर काजळी चढते. शिवाय कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये जोरात अॅक्सिलेटर दाबण्याच्या सवयीनं अशा इंजिनात वेळेआधी भडका उडायचा धोका असतो. त्यासाठी ऑइलचा दर्जाही बदलावा लागला. मे २०२० पासून आलेल्या एपीआय एसपी दर्जात या भडक्याची चाचणीच घातलेली आहे. आता आपल्याकडचं गॅरेज आठवा. सर्व्हिस कंपनीत करायची गॅरंटी संपली की गाडी बाहेर जाते, आणि तिथे ड्रममधलं २०डब्ल्यू४० सगळ्यांना सारखंच, मॅक्स पिकअपला तेच आणि टर्बो पेट्रोललाही तेच. मेकॅनिकचा दोष नाही, गिऱ्हाइकानंच "स्वस्तातलं टाक" म्हणून सांगितलेलं असतं. ज्या इंजिनाला ०डब्ल्यू२० किंवा ५डब्ल्यू३० पाहिजे, त्याच्या बारीक नळ्यांत हे जाड ऑइल सकाळी वेळेवर पोहोचत नाही.

म्हणून गाडी बघायला जाताना पहिली मागणी बिलांची. किती चालली ते नंतर विचारा. मीटर मागे करणं आजही होतं, पण पाच वर्षांची बिलं मागे करता येत नाहीत. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात, ते ओळीनं मांडा, लगेच चित्र दिसतं. बहुतेक कंपन्यांचं वेळापत्रक दहा ते पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. लोक दुसरा भाग विसरतात. "डॉक्टरांची गाडी, सहा वर्षांत फक्त २८ हजार चाललीय" ही जाहिरात ऐकून हुरळून जाऊ नका. घर ते दवाखाना दोन किलोमीटर, म्हणजे इंजिन पूर्ण तापलंच नाही, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहिलं, आणि "गाडी चाललीच कुठे" म्हणून ऑइल दोन-अडीच वर्षं बदललं नाही. यापेक्षा नव्वद हजार चाललेली, दर वर्षी वेळेवर ऑइल बदललेली एखाद्या एमआरची गाडी मी डोळे मिटून वर ठेवीन.

बिलात ऑइलचा ग्रेड लिहिलाय का बघा. मधे एखादं वर्ष गायब आहे का? मालक म्हणाला "बाहेर केली होती", तर त्या गॅरेजला त्याच्यासमोर फोन लावा. अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद मालकाच्या अॅपमध्ये किंवा मालक सोबत असेल तर काउंटरवर बघायला मिळते. जुनी विमा पॉलिसीही मागा. नो क्लेम बोनस शून्य दिसला तर क्लेम झालेला असू शकतो, झाला असेल तर कशाचा ते विचारा. एमएच-२१ पासिंगची गाडी असेल तर चौकशी सोपी, ओळखीतून ओळख निघतेच. मुंबई-पुण्याकडून आलेली असेल तर पुराच्या पाण्यात उभी होती का, हा प्रश्न सीटखालच्या गंजाला विचारावा.

बिलं पटली की मग गाडी. सकाळी जा, आणि फोनवर स्पष्ट सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागली तर चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या चावीला जे बोलतं ते नंतर बोलत नाही. चालू करताना सोबतचा माणूस सायलेन्सरमागे उभा करा. निळसर धुराचा भपका म्हणजे ऑइल जळतंय. मग पाच मिनिटं तशीच चालू ठेवा आणि एकदम रेस द्या. तेव्हाही निळा धूर आला तर टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्ह सील गेल्याची शंका धरा. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येते, ती दोन मिनिटांत जाते. गेलीच नाही तर कूलंट आत जळत असेल.

इंजिन बंद करून थोडं थांबा आणि ऑइलची पट्टी काढा. काळा रंग बघून घाबरू नका, टर्बोत ऑइल लवकर काळं होतं. वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आणि लेव्हल वरच्या खुणेच्याही वर, म्हणजे पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय. ऑइल भरायचं झाकण उघडून आत मोबाईलचा टॉर्च मारा. पातळ तपकिरी पापुद्रा चालेल, काळा चिखल बसलेला असेल तर तिथूनच नमस्कार करून निघा.

कूलंटची टाकी बघायला आपल्याकडे फार लोक विसरतात. त्यात रंगीत, स्वच्छ कूलंट हवं. कित्येक गाड्यांत बोअरचं पाणी भरलेलं सापडतं. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरच्या गिझरला विचारा. तोच क्षार इंजिनाच्या आणि टर्बोच्या पाण्याच्या वाटांत बसतो. एअर फिल्टरही काढून बघा. जिनिंगच्या कपाशीची धूळ, मुरमाचे रस्ते, मिलचा परिसर, आपल्याकडे फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्यात भरतो. फाटका किंवा नीट न बसलेला फिल्टर म्हणजे ती धूळ लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांवर आदळलीय. टर्बोकडून येणारा हवेचा पाइप मेकॅनिकला सोडायला लावा. आत ऑइलचा हलका ओलावा चालतो, ओघळ किंवा तळं नको. आणि पातं हातानं हलवून बघायला सांगा. बाजूला अगदी किंचित हलतं ते ठीक, पण दांडा पुढेमागे सरकत असेल किंवा पातं भिंतीला घासल्याची खूण असेल तर सौदा थांबवा.

मग चालवा. मंठा चौफुलीच्या गर्दीत दोन चकरा आणि मग मोकळ्या रस्त्यावर. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार फेऱ्यांवर आणा आणि हळूहळू पूर्ण दाबा. दोन हजारांच्या आसपास ताकद यायला हवी, सलग, झटके न देता. बारीक शिट्टी ऐकू येणं नैसर्गिक आहे, सायरनसारखा वाढत जाणारा आवाज नाही. परत आल्यावर स्कॅनर लावा. पी०२९९ हा कोड दिसला तर टर्बोचा दाब कमी पडतोय. एकही कोड नाही, पण स्कॅनर 'मॉनिटर पूर्ण झालेले नाहीत' असं दाखवतोय? मग कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय, कारण विचारा. या सगळ्याला मेकॅनिक तुमचा हवा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. त्याला दोन-तीन हजार मोजावे लागले तर मोजा. साडेपाच लाखांच्या व्यवहारात एजंटला कमिशन देताना आपण कुरकुरत नाही, आणि मेकॅनिकला पाचशे देताना मात्र घासाघीस करतो, हे मला कधी समजलेलं नाही.

सीएनजीबद्दल विचारणारे बरेच असतात, कारण धंद्यात प्रत्येक किलोमीटरचा हिशोब असतो. बाहेरून किट बसवलेली टर्बो पेट्रोल समोर आली तर सरळ पुढे जा. सीएनजीची आच वेगळी, आणि थेट फवाऱ्याच्या इंजिनात पेट्रोल वाहत नसलं की आतले इंजेक्टर थंड राहत नाहीत. टाटानं सप्टेंबर २०२४ मध्ये नेक्सॉन सीएनजी आणली ती कंपनीतूनच टर्बोसकट सीएनजीसाठी जुळवलेली, भारतातली अशी पहिली. ती गोष्ट वेगळी आणि कोपऱ्यावरच्या किटची वेगळी. पेट्रोलच्या झाकणामागचं लेबलही वाचा. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पार्ट ई२० पेट्रोल सोसतील असे आहेत. त्याआधीच्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप आणि सील मेकॅनिककडून तपासून घ्या.

मग टर्बो घ्यायची कोणी? ज्याचं फिरणं लांबचं आहे, म्हणजे जालना-परतूर-मंठा-जिंतूर असा दिवसभराचा फेरा, किंवा आठवड्यातून दोनदा समृद्धीवरून नाशिक-मुंबई, गाडी स्वतः चालवतो आणि सर्व्हिसची तारीख पाळतो, त्याला बिलं असलेली टर्बो पेट्रोल खूप सुख देईल. ओव्हरटेक करताना हातात ताकद असते, हे सुरक्षेचंही सुख आहे. ज्याचं काम नव्या मोंढ्यातून जुन्या जालन्यात, दिवसातून वीस वेळा चालू-बंद, गाडीला तीन ड्रायव्हर आणि सर्व्हिस 'सीझन झाल्यावर', त्यानं साधं बाराशे सीसीचं पेट्रोल घ्यावं. चढावर एसी बंद करावा लागेल, लागू दे. (आणि पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीत स्वतःचा माल-सॅम्पल ठीक, भाड्यानं प्रवासी नेऊ नका, तो वेगळा परवाना आहे.)

तुमच्यापैकी काही जण जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीतच उतरायचं म्हणतायत. त्यांनी तर हे सगळं दुप्पट लक्ष देऊन वाचावं. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचा नियम आहे, आणि गाडी ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी डीलरवर येते. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत डीलरला खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी छोट्या गाड्यांना १२ होता. म्हणजे मार्जिन आधीच पातळ झालंय. त्यात एक आजारी टर्बो गळ्यात पडला की चार गाड्यांचा नफा जातो. आपल्या बाजारात आज टर्बो आणि साधी, बिलं असलेली आणि नसलेली, सगळ्या गाड्या मॉडेल, वर्ष आणि रंगावर विकल्या जातात. सर्व्हिसची फाईल, स्कॅनरचा प्रिंट आणि थंड इंजिन चालू करतानाचा व्हिडिओ जोडून गाडी विकणारा डीलर मला जालन्यात फारसा दिसत नाही. ती जागा मोकळी आहे. १९६४ मध्ये बारवाल्यांनी इथे महिको सुरू केली आणि या गावानं पिशवीवर उगवणशक्ती छापून बियाणं विकायला शिकून घेतलं. गाडीच्या बाबतीत तेच करायला काय हरकत आहे?

भावाचं म्हणाल तर बिलं असलेल्या टर्बोला बाजारापेक्षा वीस-तीस हजार जास्त द्यायला मी तयार असेन, आणि बिलं नसलेली पन्नास हजारांनी स्वस्त मिळाली तरी घेणार नाही. टोकन देण्याआधी त्या मॉडेलच्या टर्बोचं आणि इंटरकूलरच्या पाइपचं कोटेशन सर्व्हिस सेंटरमधून लेखी मागवा. तो आकडा खिशात ठेवून बोलणी करा. गाडीवर बोजा आहे का ते एम-परिवहनवर तपासा आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि कूलंट नवीन टाका, मालकानं "मागच्याच महिन्यात केलंय" असं शपथेवर सांगितलं तरी. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं, सीलबंद डब्यातलं, आणि डबा तुमच्यासमोर फोडलेला. आपल्या धुळीत आणि उन्हात पुढचा बदल सात-आठ हजार किलोमीटरवर करा, कंपनी पंधरा हजार म्हणत असली तरी. पहिले तीन महिने दर रविवारी सकाळी पट्टी काढून लेव्हल बघा आणि वहीत तारीख, किलोमीटर लिहा. हजार किलोमीटरला लेव्हल ठळक उतरत असेल तर थांबू नका, त्याच आठवड्यात मेकॅनिककडे न्या.